बॅडलँड्सला जाण्यापूर्वी

गौरी-गणपती आटोपले की आम्ही उभयता अमेरिकेत लेकीकडे जाणार आहोत. तिचे बिऱ्हाड मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरी. वय आणि प्रकृती पाहता तिकडची ही आमची बहुधा शेवटची फेरी; म्हणून लेक-जावयांनी आमच्यासाठी एक मोठी सहल योजली आणि तिचे वेळापत्रक दोन महिने आधीच धाडून दिले. साउथ डकोटा राज्यातील माउंट रशमोर, म्हणजे चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, हे त्या सहलीचे मुख्य आकर्षण. वाटेतल्या ठिकाणांत ‘बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान’ असे एक नाव होते आणि त्यापुढे ‘जाता जाता, दोन तास’ असा शेरा.

त्या शेऱ्यापाशी आम्ही अडलो. डोंगराला एक सकाळ पुरेल, पण बॅडलँड्सला पुरते दोन दिवस द्यावेत, अशी मागणी आम्ही फोनवरून केली. पुढचे काही आठवडे त्या दोन दिवसांची आखणी हाच आमच्या घरातला मुख्य विषय होऊन बसला. नकाशे आले, पुस्तके आली, वाद झाले. त्या आखणीतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते, कारण त्याचा संबंध आमच्या एका सहलीपुरता नाही.

ग्वाल्हेरच्या माणसाला ‘बॅडलँड’ या शब्दावरून सहजासहजी पुढे जाता येत नाही. इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, आमच्या शहरापासून उत्तरेस आग्र्याच्या वाटेला लागले की मुरैना आणि धौलपूर यांच्या दरम्यान चंबळ नदी लागते. तिच्या दोन्ही तीरांवर मातीच्या घळींचे जे जाळे पसरले आहे, त्याला इकडे ‘बीहड’ म्हणतात. रेल्वेच्या खिडकीतून ते दिसते : पिवळट मातीचे सुळके, मधून मधून काटेरी झुडपे, आणि एका घळीतून दुसरी फुटत जाणारी वाटांची गुंतवळ. भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात या प्रदेशाला ‘बॅडलँड’ हेच नाव दिलेले असते. म्हणजे हे मुळात एका विशिष्ट जागेचे नाव. पुढे ते जगभरच्या तशा साऱ्या भूमींचे सामान्यनाम झाले आणि आमच्या दाराशी येऊन पोहोचले. ज्या भूमीवरून आमच्या भूमीला नाव मिळाले, ती पाहायची तर जाता जाता कशी पाहायची?

नावाचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. तेथील मूळच्या लाकोटा लोकांनी या प्रदेशाला ‘माको सिचा’ म्हटले. त्याचा अर्थ ‘वाईट भूमी’. कातड्यांच्या व्यापारासाठी त्या बाजूला फिरणाऱ्या फ्रेंच फासेपारध्यांनी आपल्या भाषेत तेच म्हटले, पण एक शब्द वाढवून : ‘ओलांडायला वाईट भूमी’. हा वाढीव शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटला. पाणी नाही, चढउतार संपत नाहीत, पाऊस पडला की पाय निसरतो, ऊन पडले की सावली नाही. ज्याला पलीकडे जायचे आहे त्याच्या दृष्टीने ही भूमी वाईटच. आमचा ‘बीहड’ हा शब्दही विकट, दुर्गम असाच अर्थ सांगतो. पण ज्याला पलीकडे जायचेच नाही, ज्याला लपायचे आहे, आसरा घ्यायचा आहे, त्याच्या दृष्टीने तीच भूमी गडासारखी. चंबळच्या घळींत राहणारे स्वतःला डाकू म्हणवत नसत, ‘बागी’ म्हणवत. १९६० साली विनोबांपुढे आणि १९७२ साली जौऱ्याला जयप्रकाशजींच्या पुढाकाराने त्यांनी शस्त्रे खाली ठेवली, हे आमच्या पिढीने पाहिले-ऐकले आहे. लाकोटांच्या इतिहासातही बॅडलँड्सला असेच आसऱ्याचे स्थान आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी जमीन. साउथ डकोटाच्या या भूमीतले सर्वांत खालचे थर सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचे. त्या वेळी तिथे उथळ समुद्र होता. समुद्र हटला, त्याच्या तळाचा चिखल उघडा पडून पिवळा झाला; आज ज्या पिवळ्या टेकड्या दिसतात त्या याच मातीच्या. मग नद्यांनी गाळ आणला, पश्चिमेकडून ज्वालामुखींची राख वाऱ्याबरोबर आली, आणि थरावर थर चढत गेले. हे भरण सुमारे २ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत चालले. पुढे, अवघ्या पाच लाख वर्षांपूर्वी, नद्यांनी हेच सारे कापावयास आरंभ केला आणि सुळके, कडे, घळी निघाल्या. झीज अजून चालू आहे. तिचा वेग वर्षाला सरासरी एक इंच सांगतात. खडकांच्या मानाने हा वेग विलक्षणच म्हणावा लागेल. याच गतीने आणखी पाच लाख वर्षांत हे सारे सपाट होऊन जाईल, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. आमच्या लग्नाला ४६ वर्षे झाली. तेवढ्या अवधीत तिथला एखादा सुळका कमरेइतका झिजला असेल, हे गणित आम्ही चहाच्या वेळी मांडले आणि थोडा वेळ दोघेही गप्प बसलो.

चंबळची गोष्ट निराळी आहे. तिथे खडकाचे रंगीत थर नाहीत. यमुना-चंबळच्या मैदानातील गाळाची खोल माती आहे आणि ती पावसाच्या पाण्याने घळीघळींनी कापली जाते. साउथ डकोटात झीज पाहायला लोक तिकीट काढून येतात. चंबळकाठी घळ शेतात शिरली की शेतकऱ्याचा वाफा जातो. क्रिया एकच, पण एकीकडे ती देखावा ठरली आणि दुसरीकडे आपत्ती. दोन्हींत फरक पडतो तो तिथे कोण राहते यावरून, हे आखणी करताना आमच्या ध्यानी येत गेले.

आता आखणीकडे वळतो. ऋतूचा प्रश्न पहिला. या प्रदेशात पारा उन्हाळ्यात ४६ अंशांवर गेल्याची आणि हिवाळ्यात उणे ४० पर्यंत उतरल्याची नोंद आहे. ग्वाल्हेरकरांना पहिल्या आकड्याचे भय नाही, पण दुसऱ्याचे आहे. जून महिना पावसाचा. उन्हाळ्यात वादळे आणि गारा. म्हणून सप्टेंबरअखेरचा काळ ठरला : ऊन सौम्य, गर्दी कमी, गवत पिकून सोनेरी झालेले.

दुसरा प्रश्न अंतराचा. मिनियापोलिसहून उद्यान सुमारे ८०० किलोमीटर. म्हणजे दिवसभराचा प्रवास. वाटेत घड्याळ एक तास मागे करावे लागते, कारण एकाच राज्यातून दोन प्रमाणवेळांची सीमा जाते. सूर्योदय गाठायचा असेल तर हे विसरून चालत नाही. आणि सूर्योदय गाठायलाच हवा, असे आमचे मत पडले. या भूमीचे रंग म्हणजे थरांचे रंग. भर दुपारच्या उन्हात ते पुसट होतात आणि तिरप्या उजेडात उठून दिसतात. केवळ या एका कारणासाठीही तिथे एक रात्र राहावयास हवे. शिवाय शहरांपासून इतक्या दूर, आकाशगंगा अजून दिसते.

उद्यानाच्या उत्तर भागातून सुमारे ६० किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता जातो. न थांबता गेले तर तो तासाभरात संपतो. जावयांचे ‘दोन तास’ यावरूनच आले होते. त्यावर जागोजागी थांबे आणि पायवाटा आहेत. आमच्यापैकी एकाच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसऱ्याच्या हृदयाची. तेव्हा लाकडी ओंडक्यांच्या शिडीवरून चढणारी ‘नॉच’ वाट लेक, जावई आणि नातवासाठी सोडली. आमच्यासाठी ‘डोअर’ नावाच्या वाटेचा लाकडी फळ्यांचा पहिला टप्पा, जवळचीच ‘विंडो’ ही आखूड वाट, आणि जीवाश्मांची माहिती देणारी फळ्यांचीच छोटी फेरी, एवढे निवडले. पायाला घट्ट बसणारे जोडे आणि डोक्याला टोपी हवीच. पाणी आपले आपण न्यायचे. घळींत जे पाणी सापडते ते इतके गढूळ असते की, गाळून घेणेही कठीण. पाऊस झाला तर वाटेवर उतरायचे नाही, असा नियम आम्ही स्वतःच घालून घेतला, कारण ती माती ओली झाली की गाऱ्यासारखी चिकटते आणि निसरते. बीहडाच्या काठाने राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

जीवाश्मांच्या प्रकरणात मात्र घरातच पेच उभा राहिला. या थरांतून तीन बोटांच्या छोट्या घोड्यांची, गेंड्याच्या पूर्वजांची, तलवारीसारख्या सुळ्यांच्या शिकारी प्राण्यांची हाडे निघाली आहेत. १९९३ साली दोन पर्यटकांना रस्त्यालगत एक कणा दिसला. चार दिवसांचे म्हणून सुरू झालेले तिथले उत्खनन २००८ पर्यंत चालले. २०१० साली उद्यानाच्या माहिती केंद्राजवळच सात वर्षांच्या एका मुलीला अशाच सुळ्यांच्या प्राण्याची कवटी आढळली. तिने ती उचलली नाही, रक्षकांना कळवले. हे ऐकून आमच्या आठ वर्षांच्या नातवाचे डोळे चमकले असणार. त्याने फोनवर विचारले, “आजोबा, मला सापडले तर एक छोटे हाड घरी आणू?” नियम स्पष्ट आहे : काहीही उचलायचे नाही, जागा टिपून घ्यायची, कळवायचे. पण आमच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या पुजला जाणारा शाळिग्राम आहे, आणि गंडकीचा शाळिग्राम म्हणजे प्राचीन समुद्रातील अमोनाइट या जीवाचा अश्मच. बॅडलँड्सच्या तळच्या थरांतही अमोनाइट सापडतात. कोणा पूर्वजाने तो दगड उचलून आणला म्हणून तो आमच्या घरी आला. आणि आम्ही नातवाला सांगणार, उचलू नकोस!

यावर आजीने दिलेले उत्तर आम्हाला पटले. ती म्हणाली, “अरे, आपल्या दगडाची रोज पूजा होते, म्हणून तो घरात शोभतो. तू आणशील ते चार दिवसांनी खोक्यात जाईल. तिथे राहिले तर त्याच्याभोवतीची माती शास्त्रज्ञांना गोष्ट सांगेल.” हाडाची जागा हलली की त्याचा थर, त्याचा काळ, त्याच्या शेजारी काय होते, हे सारे हरवते, हा शास्त्राचा मुद्दा तिने आपल्या परीने मांडला. नातवाने मान्य केले, मात्र छायाचित्राची परवानगी मागून घेतली.

दुसऱ्या दिवसाची दुपार गवताळ प्रदेशासाठी ठेवली. उद्यान म्हणजे केवळ सुळके नव्हेत. तिथे गवताचे मोठे राखीव क्षेत्र आहे. सेज क्रीकच्या खडीच्या रस्त्याने गेले की रानगवे, म्हणजे तिकडचे बायसन, दिसतात. ते तिथून पार नाहीसे झाले होते. १९६३ साली पुन्हा आणून सोडले. जमिनीत बिळांची गावे वसवणाऱ्या ‘प्रेअरी डॉग’ नावाच्या खारीच्या कुळातील प्राण्यांवर जगणारे काळ्या पायांचे फेरेट तर पृथ्वीवरूनच संपले असे मानले जात होते. १९८१ साली वायोमिंग राज्यात काही उरलेले आढळले, त्यांची पैदास करण्यात आली आणि १९९४ पासून या उद्यानात ते सोडण्यात आले. माणसाने संपवलेले माणसाने परत आणावे, याचे समाधान वाटते. परंतु सर्वच गोष्टी अशा परत आणता येत नाहीत, आणि आखणीतला खरा अवघड भाग तिथे सुरू झाला.

उद्यानाचा एक दक्षिण विभाग आहे. नकाशावर तो मोठा दिसतो, पण त्यात रस्ते जवळजवळ नाहीत. हा विभाग पाइन रिज या ओग्लाला लाकोटांच्या राखीव प्रदेशात येतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, विमानांतून बाँबफेकीच्या सरावासाठी सैन्याने या भागातील ३,४१,७२६ एकर जमीन घेतली. तिथे घरेदारे, गुरेढोरे करून राहणाऱ्या लाकोटा कुटुंबांना बाहेर काढण्यात आले. त्यांत ड्यूई बिअर्ड नावाचे एक वृद्ध होते. ते घोडे पाळून जगत. १८९० सालच्या वुंडेड नी येथील हत्याकांडातून ते तरुणपणी वाचले होते. उतारवयात त्यांना पुन्हा घर सोडावे लागले. १९५५ साली ते वारले. पुढे १९७६ साली टोळीशी करार होऊन या भूमीचा काही भाग उद्यानाला जोडला गेला आणि १९७८ साली त्या साऱ्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. न फुटलेले दारूगोळे त्या मातीत अजून असल्याची सूचना पर्यटकांना दिली जाते.

वुंडेड नी उद्यानाच्या दक्षिणेस आहे. १८९० च्या डिसेंबरात नव्या धर्मनृत्याच्या आशेने भारलेले काही लाकोटा बॅडलँड्समधील एका उंच पठारावर आश्रयाला गेले होते. त्याच महिन्यात स्पॉटेड एल्क हे नायक, ज्यांना गोरे ‘बिग फूट’ म्हणत, आजारी अवस्थेत आपल्या लोकांना घेऊन बॅडलँड्सच्या भिंतीसारख्या कड्यातील खिंडीतून पाइन रिजच्या दिशेने उतरले. सैन्याने त्यांना वाटेत गाठले. २९ डिसेंबर रोजी वुंडेड नी ओढ्याकाठी गोळीबार झाला आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बायका होत्या, मुले होती. ज्या कड्यावर उभे राहून आम्ही सूर्योदय पाहायचे ठरवीत होतो, तोच कडा भर हिवाळ्यात ती माणसे उतरून गेली होती.

आम्ही वुंडेड नीला जावे असे म्हणालो, तेव्हा लेक क्षणभर थांबली. म्हणाली, “आई, सुट्टीत हे कशाला? मुलगा लहान आहे. आणि तिथे आपण कोण? उगीच कोणाच्या दुःखात डोकावल्यासारखे होईल.” तिचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. जालियनवाला बागेत, गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीपुढे हसत छायाचित्रे काढणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. तसे आपल्या हातून होऊ नये, हे खरे. पण न जाण्याने काय साधेल? सुळक्यांचे रंग पाहायचे, रानगवे पाहायचे, आणि ज्यांची ती भूमी त्यांच्याबद्दल गप्प बसायचे, म्हणजे वाईट भूमीला चांगले म्हणण्याची आमची हौस अर्धीच होईल.

यात आमच्या घराजवळचा एक अनुभव मनात होता. आमच्या चंबळ विभागातच श्योपुर जिल्ह्यात कूनोचे राष्ट्रीय उद्यान आहे. गीरचे सिंह तिथे आणावयाचे म्हणून विसावे शतक संपता संपता जंगलातली २४ गावे उठवली गेली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. सिंह आले नाहीत. २०१८ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे आफ्रिकेतून चित्ते आले. चित्त्यांच्या प्रत्येक पिल्लाची बातमी आम्ही आवडीने वाचतो. त्या २४ गावांची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते. उद्याने असावीत, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. ती नसती तर रानगवा आणि फेरेट उरले नसते. परंतु उद्यान पाहायला जाणाऱ्याने तिथून कोण उठले हे विचारून जावे, एवढे तरी त्याच्याकडून व्हावे.

लेकीशी पुन्हा बोलणे झाले. शेवटी असे ठरले की, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभयता आणि लेक वुंडेड नीला जाऊ. जावई नातवाला घेऊन नॉचच्या शिडीवर जातील. नातवाला काय सांगायचे ते त्याच्या आईने तिच्या पद्धतीने सांगावे. तिथे छायाचित्र काढायचे नाही. वाटेत स्थानिक कारागिरांकडून काही विकत घ्यावयाचे असेल तर घासाघीस न करता घ्यायचे. आणि निघण्यापूर्वी उद्यानाच्या माहिती केंद्रात अर्धा तास बसायचे. ते केंद्र बेन रायफल यांच्या नावाने आहे. ते लाकोटा आईचे पुत्र, १९६१ ते १९७१ अमेरिकी संसदेत साउथ डकोटाचे प्रतिनिधी होते. चार राष्ट्राध्यक्षांच्या डोंगराकडे जाण्यापूर्वी या पाचव्या माणसाची ओळख व्हावी, असे आम्हाला वाटते.

प्रवास अजून व्हायचा आहे. औषधांची यादी, विम्याचे कागद, जोड्यांची खरेदी चालू आहे. तिथे गेल्यावर ढग येतील, गुडघा दुखेल, सूर्योदय धुक्यात जाईल. असे काहीही होऊ शकते. पण आखणीचा उपयोग एवढाच नसतो की ठरले तसे घडावे. आपण कोणाच्या अंगणात पाऊल टाकणार आहोत, हे उंबरठ्यावरच कळले तर पाऊल जरा हलके पडते.

परतल्यावर हिवाळ्यात मंडळाच्या सभासदांनी चंबळकाठी एक दिवस काढावा, अशी सूचना आम्ही या लेखाच्या निमित्ताने करून ठेवतो. मुरैन्याजवळ देवरी येथे लांब चोचीच्या सुसरींचे, म्हणजे घडियालांचे संगोपन केंद्र आहे. त्या मोसमात नदीकाठच्या वाळूवर ते ऊन खात पडलेले दिसतात. बीहडाच्या काठावरल्या एखाद्या गावात आधी निरोप देऊन जाऊ आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारू की, तुमच्या या भूमीला तुम्ही स्वतः काय म्हणता.